शहरी रेल्वेचा वाढीव खर्च कोणी सोसावयाचा?

पांढरकवड्याहून हिंगणघाट, बुटीबोरीमार्गे नागपुरात जाणाऱ्या प्रवाशास खापरीच्या परिसरात मेट्रो रेल्वेचे दर्शन घडते. केंद्र शासनाने २०१४ साली या प्रकल्पास मंजुरी दिली, तेव्हा अंदाजित खर्च ८,६८० कोटी रुपये होता. केंद्र व राज्य शासनांचे भागभांडवल समान ठेवण्यात आले. महानगरपालिका व नागपूर सुधार प्रन्यास यांच्याकडेही वाटा सोपविण्यात आला. उर्वरित रकमेचा मोठा भाग जर्मनी व फ्रान्समधील वित्तसंस्थांच्या कर्जातून उभारावयाचा होता.

प्रारंभीचा खर्च असा वाटून घेता येतो. तो वाढल्यास बोजा कोणी उचलावयाचा, हा प्रश्न मात्र वादाचे मूळ ठरतो. मुंबईची पहिली मेट्रो हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर या सुमारे ११ किलोमीटरच्या मार्गासाठी २००७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या नेतृत्वाखालील कंपनी यांच्यात करार झाला. खर्च २,३५६ कोटी रुपये धरण्यात आला. केवळ तिकिटांच्या उत्पन्नातून तो भरून निघणार नसल्याने ६५० कोटी रुपयांचे शासकीय अनुदान ठरले. जून २०१४ मध्ये गाडी सुरू झाली. खर्च ४,३२१ कोटींवर गेल्याचा दावा कंपनीने केला व जागा ताब्यात मिळण्यास झालेल्या विलंबाकडे बोट दाखविले. प्राधिकरणास ही वाढ मान्य नव्हती. करारात ठरलेल्या ९ ते १३ रुपयांच्या तिकीटदरावरूनही तंटा उच्च न्यायालयात गेला. २०२३ साली लवादाने कंपनीस सुमारे ९९२ कोटी रुपये देण्याचा निर्णय दिला. प्राधिकरणाने त्यास न्यायालयात आव्हान दिले.

याउलट, नवी मुंबईच्या मानखुर्द–बेलापूर रेल्वेमार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने उचलला. रेल्वेमुळे ज्या जमिनींचे मोल वाढणार होते, त्यांचा विकास सिडकोच्याच हाती असल्याने आपला हिस्सा उभारणे तिला शक्य झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हिश्शाचे प्रमाण ठरविणे पुरेसे नसते. जागा कोणी व केव्हा द्यावयाची, विलंबाची जबाबदारी कोणाची आणि वाढीव रक्कम कोठून आणावयाची, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरावे लागते. लोकवर्गणीतून शाळागृह बांधणाऱ्या ग्रामपंचायतीलाही हाच नियम लागू पडतो.