श्रावणातलं औषध

पहाटे ५.३०
मिरजोळ्यात रात्रभर पाऊस. काकू खुराड्यात वाकल्यात, बॅटरीवर पदर. अंधारात कोंबडीला दिसत नाही, हात घातला की गप्प येते. उजाडल्यावर हीच अख्खी वाडी पळवते. अठरा गावठी. कोंबडे गटारीला विकले, एक राखलाय.

५.४५
वजन हातावरच. "ही दीड किलो." बाटली खळाखळा हलवायची, औषध तळाशी बसतं. जंतांचं औषध, अडीच टक्क्यांचं अल्बेंडाझोल, दीड किलोला ०.६ मि.ली. हिशेब डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलाय. सुई काढलेली सिरिंज चोचीच्या कडेने आत, सावकाश. घाईत श्वासनळीत गेलं तर कोंबडीच जाते. झालं की पायाला लाल चिंधी. पाचवीने मनगट ओरबाडलं. काकूंनी शिवी दिली आणि सहावी उचलली.

६.४०
चिंध्या सतराच लागल्या. एक कुठे आहे? शोधायला वेळ नाही, मुलाची एमआयडीसीत सातची पाळी.

८.००
खरा घाम इथे. ओलं तूस फावड्याने खरवडायचं, घमेल्याने लांबच्या खड्ड्यात. अकरा घमेली. गेल्या आठवड्यात एक तलंग वाळून मेली. डॉक्टरांनी फाडून दाखवली. आतड्यात बोटभर लांब पांढरे जंत, शेवयांसारखे. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, उबदार ओलीत दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, कोंबडी तीच टिपते. नुसतं औषध देऊन जमीन तशीच ठेवली तर पैसे पाण्यात. जांभ्याच्या फरशीवर चुना, वर कोरडं तूस.

दुपारी १२.३०
टोपलीत नऊ अंडी. भाड्याच्या खोलीतला पोरगा आला.
"काकू, चार द्या."
"नाहीत."
"ही काय मग?"
"औषधातली. सात दिवस विकायची नाहीत."
तो दुकानातली पांढरी आणायला गेला. गावठी अंडं बारा रुपयांना. रोजची नऊ धरली तर सात दिवसांचे ७५६. औषधाची बाटली सत्तरची. म्हणून काकू हे श्रावण लागला की काढतात. निम्मी गिऱ्हाइकं तशीही येत नाहीत. अंडी माडाच्या आळ्यात खोल पुरली, कुत्रं उकरतं.

संध्याकाळी ६.३०
कालनिर्णयवर गोकुळाष्टमीला गोल. तेव्हा दुसरा डोस. गौरीपर्यंत अंडी मोकळी.

फणसावरून अठरावी उतरली. पायाला चिंधी नाही. दिवसभर मजेत होती. काकूंनी तिला आत ढकललं, दाराला फळी लावली. तिला उद्या पहाटे. म्हणजे सात दिवस उद्यापासून, कारण टोपलीत कुठलं अंडं कुणाचं ते कोण सांगणार?