महासाथीतील निद्रानाश : हेतुविचार आणि आपली जबाबदारी

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांवर शरीर उभे असते, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत. यांपैकी मधला स्तंभ एकाच वेळी असंख्य घरांत डळमळू शकतो, याचा अनुभव मात्र आपल्या पिढीला २०२० साली आला. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुढील काळात ‘ताप नाही, खोकला नाही, पण झोप लागत नाही’ ही तक्रार चिकित्सालयात व औषधाच्या दुकानात वारंवार ऐकू येऊ लागली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित झाले. तथापि त्या काळात जडलेले रात्रीचे जागरण आणि झोपेच्या गोळ्यांची सवय अनेकांच्या बाबतीत साथीबरोबर गेली नाही. म्हणून या विषयाचा शास्त्रीय परामर्श आजही आवश्यक आहे.

साथ एक, हेतू अनेक

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, जल, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असल्याने भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, असे सांगितले आहे. साथीच्या ज्वराला हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. निद्रानाशाला मात्र ते तितक्या सरळपणे लागू करता येत नाही. झोप सर्वांचीच उडाली, पण प्रत्येकाची वेगळ्या कारणाने उडाली. हा भेद न पाहता सर्वांना एकच चूर्ण वा एकच वटी देणे ही चिकित्सा नव्हे.

सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाचे पाच हेतू दिले आहेत : कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. महासाथीतील रुग्णांची वर्गवारी करण्यास ही पाच पदे आजही पुरेशी आहेत.

१. कार्य : परिचारिका, पोलीस, सफाई कामगार यांना रात्रपाळ्या कराव्या लागल्या, घरून काम करणाऱ्यांचे काम रात्रीपर्यंत लांबले. अशा रुग्णास औषधाहून वेळापत्रकाची गरज अधिक असते. रात्री अपरिहार्य जागरण झाल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी अन्न घेण्यापूर्वी झोपावे, हा वाग्भटाचार्यांचा उपदेश येथे उपयोगी पडतो.

२. काल : टीकाकारांनी या पदाचा अर्थ वार्धक्य असाही घेतला आहे. टाळेबंदीत वृद्धांचे सकाळचे फिरणे, देवदर्शन, कट्ट्यावरची बैठक सारे थांबले. त्याला दिनक्रम मोडल्याची जोड सर्वच वयांत मिळाली. दिवास्वप्न ग्रीष्मात विहित आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत लागलेली दुपारची झोप वर्षा व शरद ऋतूंतही चालू राहिली. आधुनिक शारीरशास्त्रानुसार झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते : जागे राहून साठलेला झोपेचा दाब आणि प्रकाशावर चालणारे शरीराचे घड्याळ. दुपारी झोपल्याने पहिली गोष्ट कमी झाली, सकाळचे ऊन न मिळाल्याने आणि रात्री मोबाइलचा प्रकाश डोळ्यांवर पडल्याने दुसरी बिघडली.

३. विकार : कास, श्वास आणि ज्वर यांनी झोप मोडते. २०२० च्या जूनमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांत उपयुक्त ठरल्याचे ब्रिटनमधील चाचणीतून दिसले. परंतु पुढे ते गरज नसलेल्यांनीही घरच्या घरी घेतले. निद्रानाश, अस्वस्थता आणि रक्तशर्करावृद्धी हे स्टिरॉइडचे परिचित दुष्परिणाम होत. टाळेबंदीत वजन वाढलेल्या, मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या रुग्णात झोपेतील श्वासरोधाचाही विचार करावा.

४. प्रकृती : वातप्रकृतीच्या व्यक्तीची झोप मुळातच अल्प व सावध असते. तिला ‘आठ तास झोप लागलीच पाहिजे’ असे सांगितल्याने चिंता मात्र वाढते.

५. वायू : भय, शोक आणि चिंता यांनी वात प्रकुपित होतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, ज्यांनी रात्र रात्र खाट व प्राणवायू शोधण्यात काढली, ज्यांना आप्ताचे अंत्यदर्शनही घडले नाही, त्यांचा निद्रानाश हा प्रामुख्याने मनस्तापजन्य होता. सुश्रुताचार्यांनी मनस्ताप, पित्त आणि क्षय यांचा हेतूंमध्ये स्वतंत्र उल्लेख केला आहे, तो येथे ध्यानात घ्यावा.

पित्ताच्या संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तुळस, दालचिनी, सुंठ व मिरे यांचा काढा आयुष मंत्रालयाने दिवसातून एक-दोन वेळा घेण्यास सुचविला होता. ऐन ग्रीष्मात तोच काढा दिवसातून चार-पाच वेळा घेतल्यास उष्ण-तीक्ष्ण गुणांनी दाह, अम्लपित्त आणि निद्राभंग होणार, यात नवल नाही. अशा रुग्णास निद्राकर औषध देण्यापूर्वी काढा थांबविणे हीच चिकित्सा होय.

चिकित्सेची दिशा

निदानपरिवर्जनानंतर ग्रंथोक्त उपक्रम सोपे आहेत : अभ्यंग, स्नान, संवाहन, स्निग्ध-मधुर आहार, सुखकर शय्या आणि मनाला प्रसन्न करणारे वातावरण. पंचकर्म केंद्रे बंद असताना शिरोधारा शक्य नव्हती. तथापि तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणे आणि टाळूवर तेल घालणे हे घरच्या घरी करता येत होते व आजही येते. अग्नी चांगला असल्यास म्हशीचे दूध द्यावे. ते अनिद्रेत हितकर म्हणून चरकाचार्यांनी सांगितले आहे. कफप्रधान, मंदाग्नी व मेदस्वी रुग्णास ते देऊ नये. पिंपळमूळ चूर्ण अर्धा ते एक ग्रॅम गुळाबरोबर, अथवा अश्वगंधा चूर्ण तीन ग्रॅम दुधाबरोबर, दोष पाहून योजावे. जायफळ पाव ते अर्ध्या ग्रॅमपलीकडे नेऊ नये. अतिमात्रेत ते भ्रम व हृदयाची धडधड उत्पन्न करते.

जेथे थांबून विचार करावा

सर्पगंधेचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबवृद्धीतील तिच्या उपयोगाविषयी लिहिले; १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखामुळे ती जगभर पोहोचली. परंतु तिच्यामुळे विषाद उत्पन्न होऊ शकतो किंवा असलेला वाढू शकतो, हेही सर्वमान्य आहे. साथीत शोकग्रस्त झालेल्या, पहाटे लवकर जाग येणाऱ्या, जीवनाविषयी निराशेने बोलणाऱ्या रुग्णाला ‘झोपेसाठी’ सर्पगंधा वटी देणे धोक्याचे आहे. अशा रुग्णास आत्मघाताच्या विचारांविषयी स्पष्टपणे विचारावे, मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

दुसरा धोका झोपेच्या गोळ्यांचा. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधे परिशिष्ट एच-१ मध्ये येतात. विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जतन करणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. जुन्या चिठ्ठीवर ती पुन्हा देऊ नयेत. अशी गोळी काही महिने घेणारा रुग्ण ‘आता आयुर्वेदिक द्या’ म्हणून आला, तर ती एकदम बंद करू नये. अचानक थांबविल्यास तीव्र निद्रानाश, कंप आणि प्रसंगी आक्षेपही येतात. मूळ चिकित्सकाच्या संमतीने मात्रा हळूहळू कमी करावी. त्याच वेळी तगर वा जटामांसी देताना गुंगी वाढण्याचा संभव लक्षात घ्यावा.

औषधविक्रेत्यांनी हेही पाहावे की, तगर आणि जटामांसी यांची परस्परांत सरमिसळ बाजारात होते. खात्रीच्या पुरवठादाराकडूनच माल घ्यावा. भांग व खुरासनी ओवा ही द्रव्ये परिशिष्ट ई(१) मधील असल्याने ती असलेली औषधे वैद्याच्या देखरेखीवाचून देऊ नयेत. अश्वगंधा मागणाऱ्यास थायरॉइडचे औषध, यकृताचा विकार आणि गर्भावस्था यांविषयी अवश्य विचारावे.

निद्रानाशाची तक्रार आली की चार प्रश्न विचारावेत : झोप केव्हापासून गेली? दिवसा किती झोपता? कोणती औषधे चालू आहेत? मनावर कशाचा भार आहे? साथीचा ज्वर असलेला रुग्ण ‘आडवे पडले की झोप येत नाही’ असे म्हणाला, तर पाचवा प्रश्न न विचारता प्रथम बोटाला ऑक्सिमीटर लावावा. प्रमाण ९४ टक्क्यांहून कमी असल्यास त्याला तात्काळ रुग्णालयात पाठवावे. या प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. पुढील साथ केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. हेतू जाणल्याशिवाय झोपेचे औषध न देण्याची शिस्त मात्र प्रत्येक वैद्याला व विक्रेत्याला आजपासून पाळता येईल.