इंजिनाआधीचे उड्डाण

दुसऱ्या महायुद्धातल्या रॉकेट-विमानांवरचा लेख वाचून मैंदर्गीच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: जगातले सर्वांत वेगवान विमान ज्यांनी चालवायचे, त्या वैमानिकांना जर्मनांनी आधी बिनइंजिनाच्या ग्लायडरवर का बसवले?

ते विमान म्हणजे मेसरश्मिट 163 ‘कोमेट’. ऑक्टोबर 1941 मध्ये हायनी डिटमारने ते ताशी 1000 किलोमीटरच्या पुढे नेले. पण इंधन पुरायचे जेमतेम आठ मिनिटे. ते संपले की कोमेटचेही ग्लायडरच व्हायचे, आणि ताशी दीडशेहून जास्त वेगाने पोटाखालच्या घसरपट्टीवर उतरायचे. अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन घिरटी घालायची सोय नाही. शिकायचे होते ते उतरणे; त्याला इंजिन कशाला?

साधे ग्लायडर मात्र फार सावकाश उतरते. मग हान्स याकोब्सने कसरतींसाठी बनवलेल्या ‘हाबिश्ट’चे 13.6 मीटरचे पंख आखूड करून 8 मीटरचे आणि पुढे 6 मीटरचे केले. मैंदर्गीच्या माळावर घार आणि तितर दोन्ही दिसतात. घार पसरट पंखांवर संथ तरंगते, तितराला मात्र वेग राखावाच लागतो. पंखाचे क्षेत्रफळ निम्मे केले, तर तेवढेच वजन पेलायला वेग सुमारे 1.4 पट हवा. वेग वाढवायला चक्क करवत! (रॉकेटपेक्षा मला हीच युक्ती जास्त आवडते.)

जपाननेही तोच मार्ग धरला. कोमेटचे साहित्य आणणारी आय-29 पाणबुडी 1944 मध्ये बुडाली. एईची इवाया हा अधिकारी सिंगापूरलाच उतरून विमानाने पुढे गेला होता, म्हणून काही कागद वाचले. ‘अकिगुसा’ हे लाकडी ग्लायडर तोयोहिको इनुझुकाने डिसेंबर 1944 मध्ये उडवले. 7 जुलै 1945 रोजी कोमेटवरून बेतलेल्या खऱ्या रॉकेट-विमानाचे इंजिन चढतानाच बंद पडले आणि त्यात त्याचा जीव गेला. इंजिनाचे दुखणे ग्लायडरवर कसे कळणार?

आपल्याकडे बंगळूरला 1959 मध्ये ‘मारुत’ या लढाऊ विमानाचे पूर्ण आकाराचे, दोन आसनी लाकडी ग्लायडर डाकोटा विमानाने ओढून हवेत सोडले गेले. अशी 78 उड्डाणे झाली, आणि जून 1961 मध्ये खरे मारुत उडाले. हवे होते ते ताकदवान इंजिन मात्र त्याला कधीच मिळाले नाही.

मारुतचे श्रेय जर्मन अभियंता कुर्ट टांकला मिळते, ते रास्तच. पण ते जिथे बनले तो बंगळूरचा विमान कारखाना 1940 मध्ये उभारला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. तिथे दहा आसनांचे जी-1 ग्लायडर बनले ते युद्धकाळातच, 1941 मध्ये, आराखडा इथलाच. तिथलेच डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांचे विद्यार्थी. 1951 चे एचटी-2 आणि पुढचे किरण ही वैमानिक घडवणारी विमाने त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. भारतीय विमानांची गोष्ट टांकपासून सुरू करणे मला मान्य नाही. ती जी-1 आणि घाटग्यांपासूनच सांगायला हवी.