बँकेनं लोन दिलं, म्हणजे कागद क्लिअर?

फ्लॅटच्या एपिसोडसाठी सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. उत्तर: नाही. बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढं बघतो, बिल्डरचा वकील बिल्डरचं बघतो. तुमच्या बाजूनं वाचणारा माणूस तुम्हालाच नेमावा लागतो. (सॉलिसिटर हा मुंबईचा शब्द, आपल्याकडं वकीलच.)

मंगळवार पेठेत, म्हणजे सिटी सर्व्हे हद्दीत, सातबारा नव्हे, प्रॉपर्टी कार्ड बघायचं. त्यावरच्या फेरफार नोंदी म्हणजे कोडची कमिट हिस्टरीच समजा! जुनं घर पाडून बिल्डिंग झाली असेल तर खरी मेख इथंच असते. कार्डावर आजोबांचं नाव, करारावर सह्या दोन भावांच्या. मग बहिणी कुठं गेल्या? २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, वडील २००५ ला हयात असायलाच पाहिजेत असं नाही. ‘ताईंचं काय म्हणणं नाही ओ’ यावर वीस वर्षांचा ईएमआय लावू नका. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र मागा.

वकील निवडताना विचारा: तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या सहीनं देणार का? बिल्डरचंही काम बघता का? फी किती? टोकन द्यायच्या आधी हं.

आणि फ्लॅटचा करार नोंदवला म्हणून जमीन सोसायटीची होत नाही. त्यासाठी वेगळं कन्व्हेयन्स लागतं. बिल्डर टाळत असेल तर सोसायटी डीम्ड कन्व्हेयन्ससाठी जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करू शकते.