रंग लहान होत नाही

मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलचं दार समुद्रपक्ष्याच्या पंखासारखं वर उघडतं, ते बघणाऱ्याला दिपवण्यासाठी नव्हे. १९५२ची मूळ ३०० एसएल ही शर्यतीची गाडी होती. रुडॉल्फ उलेनहाउट या इंजिनिअरने तिला बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा दिला. तो वजनाला हलका होता आणि सहजी पिळवटत नव्हता. पण कडेला हा सांगाडा इतका उंच चढला की नेहमीचं दार बसवायला जागाच उरली नाही, म्हणून बिजागऱ्या छतावर गेल्या. त्याच वर्षी या गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन कंपनीच्या मागे लागले आणि फेब्रुवारी १९५४मध्ये न्यूयॉर्कच्याच प्रदर्शनात रस्त्यावर चालवायची ३०० एसएल लोकांसमोर आली. वर उघडणाऱ्या दारांच्या अशा १,४०० गाड्या १९५७पर्यंत बनल्या.

हे सगळं मी वाचलेलं होतं. ते नीट उमगलं मात्र तामियाचं १:२४ मापाचं किट घेऊन त्या नळ्या स्वतः जोडायला बसलो तेव्हा. तामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. १९४६मध्ये तिची सुरुवात लाकूड कापण्याच्या गिरणीपासून झाली आणि १९६०मध्ये तिने पहिलं प्लास्टिकचं किट काढलं, ते ‘यामातो’ युद्धनौकेचं. तिच्या सूचनापत्रिकेत शब्द कमी आणि चित्रं जास्त असतात. या किटमध्ये इंजिन आहे, नळ्यांचा सांगाडा आहे, उघडणारी दारं आहेत. खरी गाडी साधारण साडेचार मीटरची, ही जेमतेम १९ सेंटीमीटरची.

सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी लटकलेले असतात. ते हाताने मोडून काढायचे नसतात. निपरने आधी देठ भागापासून थोडा लांब कापायचा, मग उरलेला बुंधा अगदी कडेला धरून काढायचा आणि पॉलिश पेपरने डाग घासायचा. सांगाड्याच्या नळ्या आगकाडीहून बारीक. त्यांच्यावर साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ लांबच्या लांब असते. ती ब्लेड उभं धरून खरवडावी लागते, नाहीतर रंग चढल्यावर गोल नळीला धार आल्यासारखी दिसते.

नळ्या जोडायचं सिमेंट पाण्यासारखं पातळ असतं. आधी भाग कोरडेच जुळवून धरायचे. मग ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं की केशाकर्षणाने द्रव सांध्यातून सरसर पुढे पळतो. हा काही गोंद नाही. त्यातल्या द्रावकाने पॉलिस्टायरीन विरघळतं, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की उरतं ते एकसंध प्लास्टिक. जवळजवळ वेल्डिंगच. बेताने दाबलं तर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी कड वर येते. ती येणं चांगलं, सांधा आतपर्यंत भरल्याची ती खूण. रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी खरवडायची.

सांगाडा उभा राहिला की दाराचं कोडं बोटांनाच सुटतं. बाजूचा त्रिकोणांचा पट्टा थेट बसणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला येतो. इंजिन डावीकडे चांगलंच कलवून ठेवलंय, म्हणून बॉनेट इतकं खाली उतरू शकलं. सिलेंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारं हे सहा सिलेंडरचं तीन लिटरचं इंजिन. ते रंगवण्यात संध्याकाळ सहज जाते, आणि बॉनेट बंद केलं की त्यातलं काही दिसत नाही. मॉडेलवाल्यांमध्ये यावर दोन तट आहेत. जे दिसणार नाही ते रंगवायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, पण त्यांच्या गाड्या माझ्या आधी पूर्ण होतात हे खरं.

खरी कसोटी बॉडीवर. किटमध्ये सगळं चोवीस पट लहान झालेलं असतं. रंग तेवढा होत नाही. प्रायमर, रंग आणि वरचा चकाकीचा थर मिळून पाव मिलिमीटर जाडी सहज होते. खऱ्या गाडीवर ती सहा मिलिमीटर झाली असती. म्हणजे पत्र्यावर सहा मिलिमीटरचा लेप! दाराच्या कडा, दिव्यांच्या खाचा, चाकांवरच्या उठावदार भुवया, सगळं त्याखाली मऊ पडतं. एवढ्यासाठी रंगवण्याआधी पॅनेलच्या रेघा सुईसारख्या हत्याराने पुन्हा खोल कोरायच्या. रंग पातळ करून एअरब्रशने हलके हलके हात द्यायचे. पहिला हात तर असा की खालचा प्रायमर अजून दिसला पाहिजे.

त्यात ही गाडी चंदेरी, आणि चंदेरी रंगाची चमक त्यातल्या ॲल्युमिनियमच्या कणांमुळे. कण लहान होत नाहीत. गाडीच्या दुकानातला खरा रंग मॉडेलवर मारला तर कण सुटे सुटे दिसायला लागतात आणि चोविसाव्या भागातली गाडी लगेच खेळणं वाटते. मॉडेलसाठीच्या चंदेरी रंगात कण फार बारीक दळलेले असतात. तरी ते फवाऱ्यातून कसे पडतील याचा भरवसा नाही. हात एका जागी रेंगाळला की तिथे ढग दिसतो. रंग वाळल्यावर हे ढग वॉटर पेपरने घालवता येत नाहीत, कारण चंदेरी घासला की कणांचे तोंडवळे बदलतात आणि डाग आणखी उठून दिसतो. घासायचं ते वरच्या पारदर्शक थरालाच. पाणी लावून २००० नंबरचा कागद हलक्या हाताने फिरवायचा आणि मग पॉलिश. कडांना हात लावायचा नाही, थर पहिल्यांदा तिथेच फुटतो.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर. लॅकरमधलं थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि चकचकीत थरावर दुधट झाक येते. जुलैत मुंबई-कोकणात लॅकर फवारणं म्हणजे हा प्रकार ओढवून घेणं. स्प्रेचे डबे ज्वालाग्राही म्हणून विमानाच्या टपालाने येत नाहीत, त्यामुळे रंगासाठी स्थानिक दुकानाच्या साठ्यावर अवलंबून राहावं लागतं.

आता पुन्हा ती दारं. खऱ्या गाडीत दार आणि बॉडीमधली फट साधारण चार-पाच मिलिमीटर धरली, तर मॉडेलवर ती ०.२ मिलिमीटर होते. दोन्ही कडांवर ०.१ मिलिमीटर रंग बसला की फट संपली. दार उघडतं, पण मिटत नाही. जोर लावला तर कडेचा रंग टवका होऊन निघतो. यावर उपाय रंगवण्याआधीच करायचा असतो. दाराच्या कडा चहूबाजूंनी थोड्या घासायच्या, बिजागरी बसवून दार अनेकदा उघडमीट करून पाहायचं आणि रंग येणार आहे हे गृहीत धरून फट मुद्दाम सैल ठेवायची. कोरडं असताना दार जरा ढिलं वाटलं पाहिजे. हा अंदाज सूचनापत्रिकेत नसतो.

क्रोमच्या भागांचं आणि काचांचं थोडक्यात सांगतो. क्रोम चढवलेल्या भागांवर देठाची जागा उघडी पडते, तिथे क्रोम रंगाच्या पेनचा ठिपका पुरतो. काचांना सुपरग्लू लावू नये, त्याच्या वाफेने पांढुरकी साय धरते. लाकडाला लावतो तो पांढरा गोंद उत्तम. सांडला तर ओल्या कापडाने पुसता येतो.

हा छंद सुरू करायचा असेल तर पहिलंच किट ३०० एसएलचं घेऊ नका. इंजिन नसलेलं, दारं-बॉनेट बंद असलेलं आणि एकाच सपाट रंगात शोभणारं एखादं साधं किट घ्या. चंदेरी सोडून लाल किंवा पांढरा निवडा. आणि बॉडीचं रंगकाम मे संपायच्या आत उरका. सीट आणि चाकं ब्रशने रंगवायला पावसाळा पडलाय.