‘कझिन’ म्हणजे नेमका कोण?

‘ही इज माय कझिन ब्रदर’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सर्वत्र कानावर पडते. ऐकणारा भारतीय असेल तर त्यात काही खटकत नाही. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस मात्र क्षणभर गोंधळतो. त्याच्या लेखी समोरची व्यक्ती एक तर ‘ब्रदर’ असते किंवा ‘कझिन’. एकाच वेळी दोन्ही नाही.

या चुकीचे मूळ मराठी वाक्याच्या घडणीत आहे. ‘चुलत भाऊ’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात ‘भाऊ’ हे मुख्य नाते असते आणि ‘चुलत’ हे त्याचे विशेषण. भाऊबीजेला मावसभावालाही ओवाळले जाते, त्यामुळे नुसते ‘कझिन’ म्हणणे परकेपणाचे वाटते. इंग्रजीत ‘ब्रदर’ हा शब्द सख्ख्या किंवा सावत्र भावापुरताच राहतो. आई-वडिलांच्या भावंडांची मुले, मग मुलगा असो वा मुलगी, ती सारी ‘कझिन’. व्यक्ती पुरुष की स्त्री हे नावावरून अथवा पुढच्या ‘ही’ किंवा ‘शी’वरून कळते, सांगायचेच असेल तर ‘मेल कझिन’ वा ‘फीमेल कझिन’ म्हणता येते. उच्चार करताना दुसरा स्वर जवळजवळ गिळला जातो: ‘कझ्न’.

शिकणाऱ्यांची दुसरी अडचण म्हणजे ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ आणि ‘वन्स रिमूव्हड’. आजी-आजोबा समान असलेले ते ‘फर्स्ट कझिन’, म्हणजे आपले ‘सख्खे चुलत’ आणि त्याच तोलाचे मामे, आते व मावस. पणजी-पणजोबा समान असतील तर ‘सेकंड कझिन’, म्हणजे आपल्याकडचे ‘चुलत चुलत’. कझिनच्या मुलाला ‘सेकंड कझिन’ म्हणण्याची चूक सर्रास होते. दोघांत एका पिढीचे अंतर असेल तर ‘वन्स रिमूव्हड’ वापरतात. त्यामुळे वडिलांचा चुलतभाऊ, ज्याला आपण सरळ चुलत काका म्हणतो, तो इंग्रजीत ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’ ठरतो. (रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही हा हिशेब फारसा करत नाही. ‘डिस्टंट कझिन’ म्हणून तो मोकळा होतो.)

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. मराठीत चुलत, मामे, आते आणि मावस या चार नात्यांची भाऊ आणि बहीण धरून आठ नावे होतात. इंग्रजीत त्या आठांना मिळून एकच शब्द. नाते आईकडचे की वडिलांकडचे, काकांमुळे की आत्यामुळे, हे त्यातून कळत नाही. ‘कझिन ब्रदर’ म्हटल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण ‘ब्रदर’ हा शब्द लिंग सांगतो, नात्याची वाट सांगत नाही.

गंमत अशी की ज्या लॅटिन भाषेतून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, ती या बाबतीत मराठीच्या बरीच जवळ होती. ‘कॉन्सोब्रिनस’ हा त्याचा पूर्वज. त्याचा मूळ अर्थ दोन बहिणींची मुले, म्हणजे चक्क मावसभावंडे. दोन भावांच्या मुलांसाठी ‘पॅट्रुएलिस’ आणि भाऊ-बहिणीच्या मुलांसाठी ‘अमिटिनस’ असे निराळे शब्द होते. पुढे पहिल्याच शब्दाने सगळी जागा व्यापली.

याचा फटका भाषांतरात बसतो. ‘कझिन’ दिसले की ‘चुलत’ लिहून टाकण्याची सवय मराठीत रुजली आहे. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये जिच्याशी विवाह केला ती एमा वेजवूड त्याच्या आईच्या भावाची मुलगी, म्हणजे मामेबहीण. व्हिक्टोरिया राणीचा पती अल्बर्ट हा तिचा मामेभाऊ. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेला पाचवा जॉर्ज आणि रशियाचा झार दुसरा निकोलस हे मावसभाऊ होते, तर जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ. इंग्रजी पुस्तकांत हे सारे ‘कझिन’च. अर्जुन-दुर्योधन चुलत आणि अर्जुन-कृष्ण आते-मामे, हा महाभारतातला भेदही इंग्रजी अनुवादात त्याच एका शब्दाखाली झाकला जातो.

आपल्या समाजात या भेदावर लग्ने ठरत आली आहेत. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, पण आत्याची मुलगी वर्ज्य मानली जाते. चुलत आणि मावस तर भावंडेच. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात याची सविस्तर चर्चा केली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नाती सांगताना ‘कझिन’ शब्दावर विसंबलेले नाही. भाऊ आणि बहिणीची मुले, दोन भावांची मुले, दोन बहिणींची मुले, असे प्रत्येक नाते उलगडून लिहिले आहे आणि रूढीने मान्यता असल्यास विवाहाला मुभा ठेवली आहे.

वारसाहक्कातही तेच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष मरण पावला आणि जवळचे वारस नसले, तर केवळ पुरुषांमार्फत जोडलेल्या नातेवाइकांचा हक्क आधी येतो. त्यामुळे चुलतभावाचा क्रम मामेभाऊ, आतेभाऊ व मावसभाऊ यांच्या आधी लागतो. अर्जात नुसते ‘कझिन’ लिहिल्यास यातले काहीच कळत नाही.

‘कझिन ब्रदर’मधला पहिला शब्द गाळून नुसते ‘ब्रदर’ लिहिणे तर याहून घातक. अवयवदानाचा कायदा १९९४ चा आहे. त्यातील ‘जवळचे नातेवाईक’ या व्याख्येत पती-पत्नी, मुले, आई-वडील आणि भावंडे येतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडांची भर पडली. चुलत, मामे, आते वा मावस भावंडे त्यात नाहीत. मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या मावसभावाला प्राधिकार समितीची मंजुरी लागते. जिव्हाळ्यापोटी कागदावर लिहिलेला ‘ब्रदर’ तेथे खोटी माहिती ठरू शकतो आणि ऐनवेळी प्रक्रिया अडते.

त्यामुळे बोलताना ‘माय कझिन’ एवढेच पुरे. ‘ब्रदर’ची जोड नको. व्हिसाचा अर्ज, रुग्णालयाचा कागद किंवा वारसाचे प्रतिज्ञापत्र असेल, तर मावसभावासाठी ‘माय मदर्स सिस्टर्स सन’ आणि मामेबहिणीसाठी ‘माय मदर्स ब्रदर्स डॉटर’ असे पूर्ण लिहावे. वाक्य थोडे लांबते, पण इंग्रजीत त्याला दुसरा शब्द नाही.