मिलिमीटर लहरींचं गिऱ्हाईक

३० ते ३०० गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरींची लांबी भरते १० ते १ मिलिमीटर. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८९० च्या दशकातच ५ मिलिमीटरच्या लहरी निर्माण केल्या होत्या. विज्ञान एवढं जुनं. पण या लहरींना गिऱ्हाईक कोण, हे ओळखताना दक्षिण कोरियाला मोठी ठेच लागली.

तिथल्या तीन मोबाइल कंपन्यांनी २०१८ च्या लिलावात २८ गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला. (ही लहर १० मिलिमीटरहून जराशी लांब, तरी व्यवहारात याच गटात धरतात.) ‘फाइव्ह-जी’चा खरा वेग इथेच मिळणार, असा हिशेब होता. प्रत्येकीने १५,००० बेस स्टेशनं उभारायची होती. झाली जेमतेम दहावा हिस्सा. काँक्रीटच्या भिंतीपुढे ही लहर हात टेकते. झाडाची पानं, काचेवरचा धातूचा पातळ लेप, अगदी फोन धरलेला हातसुद्धा तिला अडवतो. एक स्टेशन काहीशे मीटरच पुरतं, त्यामुळे खर्च भरमसाट. हा पट्टा पकडणारे फोनही ग्राहकांच्या हाती आले नाहीत. २०२२-२३ मध्ये सरकारने तिघींकडूनही तो काढून घेतला. लोकांना वेग हवाय, हे सगळ्यांनी हेरलं. तो घरात शिरणार कसा, हे आधी तपासायला हवं होतं.

मोटारीत मात्र याच लहरींचं बस्तान बसलं. मर्सिडीजने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एस-क्लासमध्ये ७७ गिगाहर्ट्झचं रडार आणलं. इथे लहर सुमारे ४ मिलिमीटर, म्हणून अँटेना इवलासा. तळहाताएवढ्या पट्टीवर असे कितीतरी मावतात. बंपरच्या प्लास्टिकमधून लहर आरपार जाते, धुकंही तिला फारसं अडवत नाही. रडार कंप्रता चढवत लहर सोडतं. पुढच्या ट्रकवर आपटून ती परतेपर्यंत नव्या लहरीची कंप्रता आणखी चढलेली असते. त्या फरकातून अंतर कळतं, आणि ट्रकच्या गतीने पडलेल्या फरकातून वेग. शेदीडशे मीटरचा पल्ला इथे पुरेसा असतो. पुढे हेच काम सिलिकॉन चिपवर होऊ लागलं आणि किंमत उतरली.

भारतात २०२२ मध्ये २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. २०२४ च्या लिलावात त्यावर कुणी बोलीच लावली नाही. माझ्या मते इथलं खरं गिऱ्हाईक खिशातला फोन नसून गच्चीवरचा अँटेना आहे. तो जागचा हलत नाही, समोरचा टॉवर त्याला थेट दिसतो आणि तिथून खालच्या घरापर्यंत साधी केबल ओढता येते.